पुरवठादाराला धनको समितीत मत का नाही?

मूळ धागा

नादारीत गेलेल्या व्हिडिओकॉन समूहावरील मान्य दावे सुमारे ६४,८३८ कोटींचे होते आणि जून २०२१ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजूर केलेली, कंपनी ताब्यात घेण्याची योजना २,९६२ कोटींची होती. त्यातही माल आणि सेवा पुरवणाऱ्यांच्या वाट्याला दाव्याच्या ०.७२ टक्के, म्हणजे लाखाच्या बिलामागे ७२० रुपये येत होते. जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ही मंजुरी रद्द झाली खरी, पण ती महाराष्ट्र बँकेसारख्या, धनको समितीत (अशा योजनेवर मतदान करणाऱ्या, कर्ज देणाऱ्यांच्या समितीत) विरोधी मत नोंदवलेल्या धनकोंच्या अपिलावर. पुरवठादारांना नोंदवायला मतच नव्हते.

माझ्या मेव्हण्याचा वाळूजला पत्र्याच्या सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. त्याचे एक मोठे गिऱ्हाईक नादारीत गेले आणि ३८ लाख अडकले. दाव्याचा ‘फॉर्म बी’ भरताना ‘माल मिळाला’ असा शिक्का असलेले एकेक चलन आम्ही बिलाशी ताडून पाहिले. त्या प्रत्येक बिलावरचा जीएसटी त्याने केव्हाच पदरचे पैसे घालून भरला होता. ज्याच्या मालावर कारखाना चालला, त्याला निर्णयाच्या वेळी बाहेर बसवणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद १

मी बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालो आहे आणि आपल्या मेव्हण्यांचे दुःख मला समजते, तरीही मी असहमत आहे. बीआयएफआर या, आजारी उद्योगांसाठीच्या जुन्या सरकारी मंडळाच्या काळात आजारी कंपनीची प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहत, यंत्रे गंजत आणि प्रवर्तक मात्र खुर्चीवर कायम असत. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने ती खुर्ची काढून घेतली आणि पुढच्याच वर्षी कलम २९-अ आणून, कर्ज थकवणाऱ्या प्रवर्तकाला तीच कंपनी स्वस्तात परत घेण्याची वाट बंद केली. बँकेचा पैसा म्हणजे ठेवीदारांचा पैसा, आणि तारण घेऊन दिलेले कर्ज व उधारीवर दिलेला माल यांची जोखीम एक नसते. एस्सार स्टीलच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने बँका आणि पुरवठादार यांना एका मापाने मोजले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये तो आदेश फिरवला, हे योग्यच झाले. अन्यथा उद्योगांना कर्ज महाग झाले असते.

प्रतिसाद २

दोघांचेही लक्ष वेळेकडे नाही. कायद्याने नादारीची प्रक्रिया संपवायला ३३० दिवसांची मर्यादा घातली आहे, ती अनेक मोठ्या प्रकरणांत पाळली जात नाही. भट्टी थंड पडली की बोली उतरते, मग वाटणी कशीही करा.

धागाकर्त्याचे उत्तर

विलंबाचा मुद्दा मान्य आहे. बँकेइतका वाटा मिळावा, असेही माझे म्हणणे नाही. पण आजची स्थिती पाहा. पुरवठादारांची एकत्रित येणी एकूण कर्जाच्या दहा टक्के असतील तरच त्यांचा प्रतिनिधी समितीत बसतो, आणि तोही मताविना. २०२० पासून एक कोटीखालच्या थकबाकीसाठी नादारीचा अर्जही करता येत नाही. शिवाय नादारीतल्या कंपनीवरचे दावे थांबवणारी स्थगिती एकदा लागू झाली की लघुउद्योगांच्या विलंबित देयकांचा दावाही थांबतो. मेव्हण्यासाठी तिन्ही दारे बंद आहेत. आपण वसुलीत वर्षे काढली आहेत, म्हणून विचारतो: त्या प्रतिनिधीला निदान एक मत दिल्याने बँकेचे नेमके काय बुडेल?

प्रतिसाद १

एका मताने बुडणार नाही. तेवढे द्यायला माझी हरकत नाही; वाटणीच्या क्रमाला मात्र हात लावू नये.