चाळकेवाडीचा सरडा

बऱ्याच जणांना वाटतं की गळ्याला पंखा (उघडमीट होणारी कातडीची घडी) असलेला सरडा भारतभर एकाच प्रकारचा. पूर्वी तसंच धरत, पण 2016 साली त्यातून नवी प्रजातीच (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी काढली आणि तिचं शास्त्रीय नावही चक्क 'सरडा'! आपला मराठी शब्द असा लॅटिनच्या पंगतीत बसलेला बघून मला तरी भारी वाटलं. त्यातला 'सरडा सुपर्बा' साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा. एप्रिल-मेच्या उन्हात नर एखाद्या दगडावर चढून बसतो आणि गळ्याची घडी फटकन उघडतो: निळा, काळा, नारिंगी. क्षणात मिटली की परत मातकट, किडा-मुंगी खाणारा प्राणी.

याच पठारावरच्या पवनचक्क्यांवर 2018 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांचा अभ्यास आला. पात्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले आणि निर्धास्तही झाले. माणूस बराच जवळ गेला तरी पळत नाहीत. मात्र खाणारी तोंडं वाढल्याने ते रोडावलेत, नरांचे रंगही फिके पडलेत. 'हरित ऊर्जा' म्हणताना हे कुणाच्या डोक्यात येतं?

जाणार असाल तर पाऊस सुरू व्हायच्या आत जा. आणि दगड उलटे करू नका, प्लीज.