मदत हवी आहे : उबुंटूवर रार फाइल चौथ्या तुकड्यावर अडते

मंडळी, महिन्याभरापूर्वी विंडोज सोडून उबुंटूवर आलोय. झिप राइट क्लिक करून उघडते, टार-जीझेडचंही जमलं. घोडं अडलंय रारपाशी (झिपसारखाच फाइली दाबून एकत्र बांधायचा प्रकार). मित्राने जुने फोटो ५ तुकड्यांत पाठवलेत.

आधी रार उघडणारं 'अनरार-फ्री' टाकलं, त्याने दादच दिली नाही. मग मल्टिव्हर्समधून (उबुंटूचं मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचं भांडार) खरं 'अनरार' घेतलं. पहिल्यांदा त्याला 'ई' ही आज्ञा देऊन काढलं, तर फोल्डर मोडून फोटोंचा नुसता ढीग! (चूक माझीच, 'एक्स' द्यायला हवं होतं.) आता 'एक्स' दिल्यावर पहिले ३ तुकडे सुरळीत जातात, पण चौथा सुरू झाला की 'चेकसम एरर' (मजकूर बिघडल्याची सूचना) येते आणि त्यातले फोटो निघतच नाहीत. पाचही तुकडे एकाच फोल्डरमध्ये आहेत, नावंही बदललेली नाहीत. चौथ्याचा आकार पहिल्या तिघांएवढाच, अगदी बाइटपर्यंत.

दोघांकडच्या तुकड्याचा एमडी५ (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा तपासणी-आकडा) ताडून बघावा म्हणतोय. माझ्याकडे तो काढणारं 'एमडी५सम' आहे, पण मित्र विंडोजवर आहे, त्याने तो कसा काढायचा? आणि समजा त्याचाच तुकडा खराब निघाला, तर तुटक्या फाइली ठेवणारा 'केबी' पर्याय देऊन निदान काही फोटो हाती लागतील का? मूळ फोटो त्याने डिलीट केलेत, म्हणून जीव टांगणीला लागलाय.