लॉ एन्ट्रन्ससाठी जुने पेपर कसे सोडवलेत? अनुभव लिहा

भाची डिसेंबरात क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) देणार आहे. २००८ पासूनच्या पेपरांचा गठ्ठा मिळालाय, रोज रात्री घड्याळ लावून एक संपवते आणि मार्क मोजत बसते. यातून काही साधतंय का? ज्यांनी परीक्षा दिल्यात त्यांनी सविस्तर लिहा, तिला वाचायला देणार आहे.

लातूर, क्लॅट २०२०
भाचीच्या जागी मी होते. २०१९ पर्यंत दोन तासांत २०० प्रश्न असायचे, बरेचसे दोन-तीन ओळींचे. मला दीडशेच्या वर पडायचे, म्हणून निर्धास्त होते. आमच्या वर्षीपासून १५० प्रश्न आणि सगळे उताऱ्यांवर! पहिला नमुना पेपर निम्मासुद्धा झाला नाही. परीक्षा लांबत २८ सप्टेंबरला गेली, त्या महिन्यांत रोज अग्रलेख वाचून वेग आणला.
तरीही जुने पेपर फेकू नका. लीगल रीझनिंगच्या विभागात कायद्याचं तत्त्व दिलेलं, घटना दिलेली; ते तत्त्व घटनेला लावून उत्तर काढायचं. आपल्याला काय न्याय्य वाटतं ते मध्ये आणायचं नाही. ही शिस्त मला त्याच प्रश्नांनी लावली. फक्त ते घड्याळाविना सोडवायचे आणि प्रत्येक चुकीचा पर्याय का चूक, ते लिहायचं. दिवसाला वीस पुरे.

नाशिक, एमएच सीईटी (महाराष्ट्राची लॉ प्रवेश परीक्षा)
क्लॅटमध्ये चुकलं की पाव मार्क जातो, सीईटीत जात नाही. क्लॅटच्या पेपरांवर तयारी केल्यानं शंका आली की प्रश्न सोडायची सवय लागली होती. सीईटीत अकरा प्रश्न कोरे ठेवून आलो. अजून सलतं. दोन्ही देणाऱ्यांनी सीईटीचा सराव वेगळा करा.

न्यू जर्सी
इथल्या एलसॅटमधून (अमेरिकेतली लॉ प्रवेश परीक्षा) ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्सचा, म्हणजे अटींवरून क्रम आणि गट लावायच्या कोड्यांचा विभाग गेला. मुलीनं जुन्या संचांतला तो भाग सरळ वगळला. लॉजिकल रीझनिंग मात्र जुनंच सोडवलं, कारण युक्तिवादातली फट शोधायची रीत तीच आहे.

सांगली, पालक
जुन्या पेपरातल्या चालू घडामोडी अजिबात करू देऊ नका. आणि क्लॅट २०२४ पासून १२० प्रश्नांची झालीय, त्यामुळे घड्याळ लावून सोडवण्याजोगे खरे पेपर मोजकेच आहेत. ते आत्ताच संपवू नका. आम्ही पाकिटात घालून नोव्हेंबरपर्यंत कपाटात ठेवले होते, मग दर रविवारी दुपारी दोनला, परीक्षेच्याच वेळेला, एक काढायचो.