शब्दचर्चा: रिलेचा ‘एनसी’ मराठीत ‘बंद’ कसा?

खटपट्या
सोसायटीच्या हॉलला अॅम्प्लिफायर एक आणि स्पीकरच्या जोड्या दोन: एक मंचाजवळ, दुसरी गच्चीवर. बटण दाबून जोडी निवडता येईल अशी रिलेची (विजेने हलणाऱ्या स्विचची) पेटी बनवतोय. पुढे ती उत्सव समितीची पोरं हाताळणार, म्हणून झाकणाच्या आत मराठीत आकृती चिकटवायची आहे. रिलेच्या पायांवर कॉम (कॉमन, म्हणजे मधला), एनओ (नॉर्मली ओपन), एनसी (नॉर्मली क्लोज्ड) असतं. नॉर्मली क्लोज्ड म्हणजे ‘सामान्यतः बंद’ असं लिहिलं, तर आमच्या वायरमनने विचारलं, “बंद आहे तर आवाज येतो कुठून?” काय लिहू? रिले आणि पुशबटणालाही शब्द सुचवा.

गिरगावकर
वायरमनला चहा पाजा. पंखा बंद, नळ बंद, ट्रान्सहार्बर लोकल बंद. आपल्याकडे बंद म्हणजे काही चालत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘बंद परिपथ’ मात्र वीज वाहणारा. ‘खुला’चंही तेच. रस्ता खुला झाला की गाड्या सुटतात, परिपथ खुला झाला की वीज अडते. शाळेत हे पाठ करून भागतं, पण पेटी दुरुस्त करायला बसलेला माणूस घरातलीच मराठी वापरणार. मी ‘जुळलेला’ आणि ‘सुटलेला’ लिहीन. आत पत्री पत्रीला टेकते किंवा सुटते, एवढंच तर घडतं.

परळची वाचक
जुळलेला-सुटलेला मान्य. पण खरी खोट ‘सामान्यतः’मध्ये आहे. सामान्यतः म्हणजे बहुतेक वेळा. रिलेच्या ‘नॉर्मल’चा वेळेशी संबंधच नाही, कॉइलला, म्हणजे पत्री ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, वीज नसतानाची स्थिती म्हणजे नॉर्मल. कॉइल दिवसभर चालू ठेवली तर ‘सामान्यतः जुळलेला’ संपर्क दिवसभर सुटलेलाच राहील! सरळ ‘वीज नसताना जुळलेला’ लिहा. लांब आहे, पण त्यातून कामाची गोष्टही कळते: पेटीचा अडॅप्टर गेला तरी आवाज त्या जोडीवर येत राहणार. तिथे मंचाची जोडी लावा, गच्चीची नको.

लॅमिंग्टनवाला
चर्चा झकास, पण हे शब्द घेऊन दुकानात जाऊ नका राव. लॅमिंग्टन रोडचा कागदोपत्री भडकमकर मार्ग झाला तरी माल मागायचा तो “बारा व्होल्ट, चार चेंजओव्हर” असाच. चेंजओव्हर म्हणजे मधली पत्री इकडची तिकडे जाणारा संच. अशा एका संचाला पोलही म्हणतात, त्याला कृपा करून ‘ध्रुव’ लिहू नका.

चार का, ते सांगतो. डावा आणि उजवा असे दोन संच स्पीकरला लागले, तिसरा रिलेला धरून ठेवायला. तीनचा मिळाला तर उत्तम, नाहीतर चारचा घ्या. हा हिशोब दोन्ही स्पीकरची उणे तार अॅम्प्लिफायरच्या आत एकच असेल तरच. आजकालच्या छोट्या डिजिटल अॅम्प्लिफायरमध्ये बहुधा ती एक नसते, तिथे उणे तारा एकत्र केल्या तर अॅम्प्लिफायर जळू शकतो. मग चारही तारा बदलाव्या लागतात, म्हणजे दोन रिले लागतील, कॉइली समांतर जोडून. कॉइलची वीज तुटताना बसणारा झटका जिरवायला तिच्यावर उलटा डायोड विसरू नका.

खटपट्या
‘धरून ठेवणे’ छान आहे, मी ‘स्वधारण’ लिहिणार होतो.

परळची वाचक
स्वधारण वाचून पोरं स्तोत्र समजतील. बटणाबद्दल: भिंतीवरचा खटका जिथे ठेवाल तिथेच राहतो, दारावरच्या घंटीचं बटण बोट काढलं की परत येतं. तुमचं दुसऱ्या जातीचं, म्हणून ‘खटका’ नको, ‘बटण’ बरं. ‘दाबकळ’ असं काही घडवू नका. कळ म्हटलं की आधी दुखणं आठवतं. बटणाला लक्षात राहत नाही म्हणूनच रिलेने स्वतःला धरायचं: गच्चीचं बटण दाबलं की कॉइलला वीज मिळते आणि रिले स्वतःच्याच तिसऱ्या संचातून ती चालू ठेवतो. मंचाचं बटण मात्र जुळलेल्या जातीचं हवं, दाबलं की ती वीज तुटते.

गिरगावकर
रिलेला मराठी शब्द शोधूच नका. इंग्रजीतला जुना अर्थ टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे तयार ठेवणं, आपली डाकही तशीच चालायची. म्हणून कुणी ‘डाकयंत्र’ सुचवेल, पण पोस्टातल्या मशीनशी घोळ होईल. रिले शर्यत सगळ्यांना ठाऊक आहे, रिलेच राहू दे. एकच भर: चेंजओव्हर आधी सोडतो, मग धरतो, हेही आकृतीखाली लिहा. हा क्रम उलटा असता तर क्षणभर दोन्ही जोड्या समांतर आल्या असत्या आणि ८ ओहमच्या जागी अॅम्प्लिफायरला ४ दिसले असते, म्हणजे भार दुप्पट.

खटपट्या
झाकणावर आता असं जातंय: “कॉम: अॅम्प्लिफायर. एनसी, वीज नसताना जुळलेला: मंच. एनओ, वीज नसताना सुटलेला: गच्ची. आधी सोडतो, मग धरतो.” मूळ अक्षरं देवनागरीत ठेवली, रिलेच्या अंगावरच्या खुणांशी ताडून बघता यावं म्हणून.

लॅमिंग्टनवाला
खाली “गच्ची रात्री १० पर्यंतच” हेही घाला. पोरांना तो शब्द समजवावा लागत नाही, पाळायला लावावा लागतो.