नेटवर्क स्विचच्या कन्सोलची (संगणक थेट जोडून स्विचची सेटिंग करायच्या पोर्टची) रोलओव्हर केबल, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारांचा क्रम उलटा असलेली केबल, हाताने क्रिंप करावी (टोकांना प्लग दाबून बसवावेत), की तयार यूएसबी केबलच घ्यावी?

रॅककोपरा: स्विचच्या कन्सोल पोर्टसाठी क्रिंपर हातात घेणं आता थांबवा. आत एफटीडीआय चिप (यूएसबीचं सिरियलमध्ये रूपांतर करणारी) असलेली आरजे-४५ (आठ पिनांचा नेटवर्क प्लग) ते यूएसबी केबल बॅगेत ठेवा. सिस्कोचा स्विच असेल तर टर्मिनलमध्ये (स्विचचा मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ९६०० बॉड (डेटाचा वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. घरी केलेली केबल असली की बिघाड केबलचा की स्विचचा, इथूनच शोध सुरू होतो.

तांब्याची_तार: स्वस्त यूएसबी केबलीत नकली चिप निघाली की ड्रायव्हर अडतो आणि कॉम पोर्ट (संगणकातलं सिरियल पोर्ट) दिसतच नाही. रात्री स्विच बंद पडला तर काय करणार? रोलओव्हर सोपी आहे. एका टोकाला टी५६८बी हा तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला हाच क्रम उलटा, म्हणजे १ ची तार ८ ला, २ ची ७ ला. थेट डीबी-९ (संगणकाचा नऊ पिनांचा सिरियल प्लग) लावायचा तर तीन तारा पुरतात: स्विचची ३ नंबर पिन डीबी-९ च्या २ ला, ६ नंबर ३ ला, ४ किंवा ५ नंबर ५ ला.

रॅककोपरा: तीन तारांवर टर्मिनलमध्ये आरटीएस/सीटीएस (वेगळ्या तारांवरचं फ्लो कंट्रोल) चालू राहिलं, तर स्विचचा मजकूर दिसतो पण टाइप केलेलं काही जात नाही. समोरचा माणूस स्विच हँग झाला समजून वीज काढतो. हा धोका कशाला घ्यायचा?

तांब्याची_तार: तो सेटिंगचा दोष, केबलचा नाही. भलतीच अक्षरं आली तर बॉड रेट चुकलाय. काहीच आलं नाही तर आधी कॉम पोर्ट तपासा, मग डीबी-९ च्या २ आणि ३ ची अदलाबदल झालीय का बघा.

पिन_३_६: दोघंही एक फरक विसरताय. ९६०० बॉडला तारांच्या जोडीचा पीळ थोडा सुटला तरी काही बिघडत नाही, म्हणून रोलओव्हर हाताने खुशाल करा. पण गिगाबिटचा पॅचकॉर्ड (नेटवर्कची छोटी जोडकेबल) हाताने करायला माझा साफ विरोध आहे. कॅट-५ई (नेटवर्क केबलचा दर्जा) मध्ये पीळ १३ मिमीपेक्षा जास्त सोडायचा नसतो. जोड्या १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा सरळ लावल्या तर साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, पण ३ आणि ६ एका जोडीत राहत नाहीत. मग क्रॉसटॉक होतो (एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळतो), लिंक १०० एमबीपीएसवर घसरते किंवा सारखी तुटते. वर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर असेल तर रोध वाढतो आणि लांबच्या पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणाऱ्या) कॅमेऱ्याला पुरेसं व्होल्टेज पोचत नाही. आणि रोलओव्हरच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावा. ती चुकून पॅच पॅनेलमध्ये (नेटवर्क केबली जोडायच्या पट्टीत) गेली तर लिंकचा दिवा लागणार नाही, आणि लोक पोर्टलाच दोष देत बसतील.