अमेरिकेतले काका फोन उचलत नाहीयेत, इथून कोणाला कळवायचं?

गंगापूररोडकर

नाशिकहून लिहितेय. माझे सख्खे काका, वय ७९, न्यू जर्सीत इसेलिनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. काकू गेल्या, मूलबाळ नाही. उभं आयुष्य तिकडेच गेलं, नागरिकही तिथलेच आहेत. आपल्या सकाळी साडेसातला बाबांना त्यांचा फोन येतो म्हणजे येतोच. बाबांचा दुसरा चहा चालू असतो आणि तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. विषय ठरलेले: गुडघे, राजकारण आणि पावसाळा असला की गोदावरी.

रविवारपासून फोन नाही. आधी वाटलं झोप लागली असेल. सोमवारी गंगापूर धरणातून पाणी सोडलं. मी गोदाघाटावर जाऊन नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा फोटो काढून पाठवला, पार छातीपर्यंत पाणी. आता हे नाशिककरांनाच कळेल. पावसाळ्यात काकांचा पहिला प्रश्न "मारुतीच्या कुठपर्यंत?" असा असतो. कमरेला म्हटलं तर "मग काही नाही", छातीला म्हटलं की ६९ सालचा महापूर पहिल्यापासून सुरू. तो फोटो बघून हा माणूस गप्प बसणं शक्यच नाही. फोटोवर डबल टिक आली, पण निळी झाली नाही. एरवी त्यांची लगेच निळी होते. कालपासूनचे मेसेज तर सिंगल टिकवरच आहेत. घरच्या फोनवर आधी रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, आता मशीन भरलंय म्हणून सांगतं. मागे मोबाइल बिघडला होता तेव्हा त्यांनी दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कळवलं होतं.

त्यांच्या जवळचं एक कुटुंब होतं, ते टेक्सासला गेलं. पोलिसांना सांगू म्हटलं तर बाबा भडकले. "तो म्हणेल, माझ्या दारात पोलीस धाडलेस?" आईचं म्हणणं, आधी वकिलातीत फोन कर. मला नक्की काय करायचं ते सांगा. आणि पोलीस गेले तर काकांना बिल येतं का?

मध्य_जर्सी

वकिलात नंतर. आधी पोलीस, आणि आजच. इकडे याला वेलफेअर चेक म्हणतात, पोलिसांच्या रोजच्या कामातलं काम आहे. दार वाजवतात, "तुमच्या घरच्यांना काळजी वाटत होती" म्हणतात आणि जातात. त्याचं बिल येत नाही. बाबांना सांगा, दारात पोलीस दिसला म्हणून इथे आळीत बोभाटा होत नाही.

तिकडून ९११, म्हणजे इथला आपत्कालीन क्रमांक, लावू नका. तो क्रमांक त्या त्या भागापुरता असतो, भारतातून लावलात तर लागणार नाही नाहीतर आपल्याच ११२ कडे जाईल. तुम्हाला हवाय तो काकांच्या भागातल्या पोलीस खात्याचा साधा दहा आकडी नॉन-इमर्जन्सी क्रमांक, आधी +१ लावून.

आता यात एक गोम आहे. इसेलिन हा पत्ता असला तरी इसेलिनचं स्वतःचं पोलीस खातं नाही. ते गाव वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं, त्यामुळे वुडब्रिजच्या पोलिसांना फोन करायचा. ओक ट्री रोडवर चालता चालता तुम्ही इसेलिनमधून एडिसनमध्ये कधी शिरलात ते कळतसुद्धा नाही, पण रस्त्याच्या त्या टोकाचे पोलीस वेगळे. जर्सीत हा घोळ सगळीकडे आहे. पाकिटावर एक गाव आणि कारभार दुसऱ्याच टाउनशिपचा.

फोन करायच्या आधी हे कागदावर लिहून समोर ठेवा: पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, स्पेलिंगसकट. जन्मतारीख. इमारत आणि फ्लॅट क्रमांकासह पत्ता. एकटे राहतात, वय किती, आजार कोणते, गोळ्या कोणत्या. गाडी असेल तर कुठली. शेवटचं बोलणं कधी झालं ते त्यांच्या वेळेप्रमाणे. तुमच्या "रविवारी सकाळी" म्हणजे त्यांच्या शनिवारी रात्री, तिथे गडबड करू नका.

आणि त्या टिकांचं जरूर सांगा. डबल टिक आली म्हणजे सोमवारी फोन चालू होता, पण कोणी बघत नव्हतं. नंतरचे मेसेज सिंगलवरच राहिले म्हणजे चार्जिंग संपलं असणार. फोन घरात आणि माणूस फोनपाशी नाही. माणूस रुसला असता तर फोन चार्ज केला असता.

बोलायची सुरुवात सरळ करा: मी भारतातून बोलतेय, माझे ७९ वर्षांचे काका तुमच्या हद्दीत एकटे राहतात, रोज फोन करतात, शनिवार रात्रीपासून संपर्क नाही, कृपया वेलफेअर चेक करा. शेवटी घटनेचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. तो फार कामाला येतो.

जाता_जाता

म्हातारपणी परदेशात एकटं राहायचंच कशाला? नाशिकला यायचं ना भावाकडे.

गंगापूररोडकर

@जाता_जाता, हे त्यांना बाबा दर दिवाळीला सांगतात. आज तो विषय नाही.

@मध्य_जर्सी, लिहून काढतेय. माझ्या सिमवर आयएसडी चालू नव्हतं, ते करून घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून असे नंबर लागत नाहीत हे बाबांना पटवण्यात वेळ गेला. आता तिकडे पहाटेचे चार वाजलेत. थांबू का?

मध्य_जर्सी

थांबू नका. फोन घेणारा माणूस रात्रीही असतो. इमारतीचं लीझिंग ऑफिस, म्हणजे भाड्याचा कारभार बघणारं, मात्र त्यांच्या नऊला उघडेल, म्हणजे तुमच्या संध्याकाळी साडेसहाला. त्यांच्याकडे किल्ली असते, पोलिसांना तो फोन नंबरही देऊन ठेवा.

कोर्टाची_पायरी

वकिली पेशातला, म्हणून थोडी भर. तिकडचे पोलीस उगाच दार फोडून आत जाऊ शकत नाहीत. २०२१ मध्ये कॅनिग्लिया खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं "आम्ही काळजीपोटी गेलो" म्हणून वॉरंटशिवाय घरात शिरता येणार नाही. पण आत कोणी जखमी आहे, जीव धोक्यात आहे असं मानायला ठोस कारण असेल तर जाता येतं. म्हणून "फोन उचलत नाहीत हो" एवढ्यावर थांबू नका. वय, आजार, रोजचा नेम कधी मोडला, फोन कसा बंद पडला, हे सगळं त्यांच्या नोंदीत गेलं पाहिजे. दारात उभा असलेला पोलीस त्यावरच ठरवणार.

दुसरं. काका धडधाकट सापडले आणि "मला बोलायचं नाही" म्हणाले, तर पोलीस तुम्हाला "ते सुखरूप आहेत" एवढंच कळवतील, बाकी काही नाही. सज्ञान माणसाचा तो हक्क आहे.

वकिलातीबद्दल: न्यू जर्सी न्यू यॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतं, आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टलही २०१५ पासून आहे. पण ते भारतीय नागरिकांसाठी. काका अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. तिथे अर्ज करून वाट बघत बसण्यात दिवस जाईल.

लेस्टरची_मावशी

माझं उत्तर यांना उपयोगी नाही, पण दुसरं कोणी वाचत असेल तर इंग्लंडचं वेगळं आहे हे लक्षात ठेवा. इथे 'राइट केअर, राइट पर्सन' म्हणून धोरण आलंय. २०२० मध्ये हंबरसाइडच्या पोलिसांनी सुरू केलं, २०२३ पासून देशभर. जिवाला तातडीचा धोका नसेल तर नुसतं बघून यायला पोलीस बहुधा जात नाहीत. मग शेजारी, जीपीचा म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना, नाहीतर कौन्सिलचा (इथली नगरपालिका) अ‍ॅडल्ट सोशल केअर विभाग. माझ्या दाराबाहेर भिंतीवर किल्लीची छोटी पेटी आहे, आकडे जुळवून उघडते. ते आकडे शेजारणीला आणि पुण्यातल्या भाचीला माहीत आहेत. पेटी लावली तेव्हा मला तोंडावर म्हातारी म्हटल्यासारखं वाटलं होतं. गंगापूररोडकर, काय झालं ते कळव गं.

गंगापूररोडकर

काका सापडले. बरे आहेत, म्हणजे खुब्याचं हाड मोडलंय, पण शुद्धीत आहेत आणि चिडचिड करताहेत.

क्रमाने सांगते. फोनवरच्या बाईंनी सगळं शांतपणे लिहून घेतलं. फक्त माझा नंबर त्यांच्या संगणकात बसेना, +९१ धरून आकडे जास्त होत होते. शेवटी त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिला. तिकडून फोन आलाच नाही, मग मीच परत लावला आणि नोंदणी क्रमांक सांगितल्याबरोबर माहिती मिळाली. पोलीस गेला होता, दार बंद. खालच्या मजल्यावरच्या माणसाने सांगितलं की शनिवारी रात्री अँब्युलन्स येऊन त्यांना घेऊन गेली.

कुठे नेलं ते त्याला माहीत नव्हतं. एडिसनचं जेएफके, राहवे, न्यू ब्रन्सविक अशी जवळची रुग्णालयं नकाशावर बघून एकेक फोन करत गेले. नाव विचारतात, मिळालं तर सांगतात, नाही तर नाही. आता काकांचं नाव ज्ञ ने सुरू होतं. पासपोर्टवर ते डी-एन-वाय आहे, पण कोणी जी घालतं, कोणी जे. एका ठिकाणी आधी "असं कोणी नाही" म्हणाले. आडनाव आणि जन्मतारखेवरून बघा म्हटल्यावर सापडले, पण ते आदल्याच दिवशी तिथून हलवलेले. कुठे, ते सांगेनात. मी सोशल वर्क विभागाला जोडून द्या म्हटलं. त्या बाई म्हणाल्या, मी पत्ता देऊ शकत नाही, पण तुमचा नंबर त्यांच्यापर्यंत पोचवते. अर्ध्या तासात रिहॅबमधल्या (रुग्णालयानंतर व्यायाम-उपचारांसाठी ठेवतात ते केंद्र) नर्सच्या फोनवरून काका!

बाथरूमबाहेर पडले होते. घरच्या फोनपर्यंत कसेबसे सरपटत गेले आणि ९११ लावला. मोबाइल बेडरूममध्येच राहिला. रुग्णालयात त्यांना नर्सने विचारलं, कोणाला कळवू? त्यांना पाठ होता तो एकच नंबर, आमच्या कॉलेज रोडच्या जुन्या घरचा लँडलाइन. तो बंद होऊन किती काळ लोटला! नर्सने बिचारीने लावून पाहिला, लागला नाही. बाबा हे ऐकून फोन माझ्या हातात देऊन आत गेले. पोलीस पाठवल्याबद्दल काका एक अक्षर बोलले नाहीत. उलट त्या पोलिसाचं नाव काय म्हणून विचारत होते.

आता पुढे काय? रिहॅबमध्ये किती दिवस ठेवतात, पैसे कोण देतं? मला त्यातलं काही कळत नाही.

मध्य_जर्सी

वा! आता रिहॅबमधल्या केस मॅनेजरला, म्हणजे पुढची सगळी व्यवस्था बघणाऱ्या माणसाला, गाठा. नर्स प्रेमळ असतात पण दर पाळीला बदलतात.

पैशाचं असं आहे. साधं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असेल आणि रुग्णालयात सलग तीन दिवस इनपेशंट म्हणून दाखल असतील, तर रिहॅबचे पहिले २० दिवस पूर्ण भरले जातात. २१ ते १०० पर्यंत रोजचा काही वाटा काकांना द्यावा लागतो, किंवा पूरक विमा असेल तर तो देतो. इनपेशंट हा शब्द कागदावर बघून घ्या. ऑब्झर्वेशन म्हणजे नुसतं देखरेखीखाली म्हणून ठेवलं असेल तर ते दिवस धरत नाहीत, पलंग तोच असला तरी. आणि मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे खाजगी विमा कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर असेल तर नियम त्या कंपनीचे. या कंपन्या मध्येच "आता पुरे" म्हणतात, पण त्यावर अपील करता येतं. नोटिशीवर मुदत लिहिलेली असते आणि ती फार थोडी असते.

काकांना सांगा, रिहॅबच्या कागदावर बाबांचं आणि तुमचं नाव संपर्क म्हणून सहीनिशी घालायला, म्हणजे पुढच्या वेळी "सांगता येत नाही" ऐकावं लागणार नाही. हेल्थकेअर प्रॉक्सीसाठी (काकांना स्वतः सांगता आलं नाही तर उपचारांचा निर्णय घेणारा माणूस) मात्र इथलंच कोणी पहिलं नाव असलेलं बरं, मध्यरात्री डॉक्टरांना नाशिक लावायला लागू नये. जवळ कोणीच नसेल तर मराठी विश्वच्या लोकांमध्ये ओळख काढा, ते जर्सीतलंच मंडळ आहे.

फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे ना? लिफ्ट आहे का?

गंगापूररोडकर

लिफ्ट नाही. जिना आहे, तोही बाहेरून, बर्फात निसरडा होणारा. हे केस मॅनेजरला पहिलं सांगते.

टेक्सासच्या कुटुंबाचा नंबर बाबांच्या जुन्या डायरीत सापडला, ते प्रॉक्सीसाठी कोणी सुचवतात का बघू. पडल्यावर दाबून मदत बोलवायचं बटण गळ्यात घालणार का असं काकांना विचारलं तर म्हणाले, "मी काय गाय आहे घंटा बांधायला?" त्यावर बाबांनी घेतलं फैलावर, मी मध्ये पडले नाही. केस मॅनेजरशी सोमवारी संध्याकाळी साडेसहाला बोलायचं ठरलंय. प्रश्न लिहून काढतेय, आणखी काही सुचलं तर तोपर्यंत टाका.