मदत हवी आहे: गाणी एकरकमी विकावी का आपल्याकडेच ठेवावी?

नमस्कार मंडळी, आमचा साताऱ्याकडचा पाच जणांचा भक्तिगीतांचा ग्रुप आहे, मी पेटीवर असतो. सगळं गणपती, नवरात्र आणि जत्रांवर चालतं. एका कार्यक्रमाची सुपारी ३५ हजार, त्यातून साऊंडवाला, गाडीचं डिझेल, तबलजी नि ढोलकीवाल्याचं पाकीट जाऊन माझ्या हातात अडीच-तीन हजार उरतात आणि रात्री १० वाजले की स्पीकर बंद. पावसाळ्यात तर गणपती येईपर्यंत पेटी नुसती चादरीत गुंडाळून पडलेली.

म्हणून मागच्या वर्षी स्टुडिओत ४० हजार घालून दोन गाणी केली, यूट्यूबवर टाकली, १,००० सबस्क्रायबर कसेबसे झाले पण जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला लागणारा ४,००० तासांचा वॉच टाइम काही होईना. आता एक कंपनी म्हणते २५ हजार एकदाच घ्या, हक्क कायमचे आमचे. करारात रॉयल्टीचा र पण नाही! २०१२ च्या कायदा दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा असा सोडून देता येत नाही असं मी वाचलंय, पण चाल माझी आणि शब्द आमच्या गायकाचे, मग आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) मेंबर दोघांनी वेगवेगळं व्हायचं का?

आणि मेन म्हणजे, गाणी विकल्यावर तीच स्टेजवर म्हणायला कंपनीला विचारावं लागेल का? मला हाच घोर लागलाय कारण जत्रेत लोक त्यातलंच एक गाणं परत परत मागतात. कुणी असा करार केला असेल तर प्लीज सांगा, रविवारपर्यंत सही मागतायत.